किल्ल्यातील माती आणि गळ्यातील श्रुती

‘शास्त्रज्ञांनी जुना समज मोडीत काढला’ अशा मथळ्याची बातमी हल्ली आठ-पंधरा दिवसांतून एकदा तरी वाचण्यात येते. कधी ती अन्नपाण्याविषयी असते, कधी ग्रहगोलांविषयी, कधी जमिनीखाली सापडलेल्या हाडकांविषयी. ती वाचून मंडळींचे सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘बघा, वाडवडिलांचे सगळेच थोतांड होते.’ दुसरा म्हणतो, ‘शास्त्रज्ञांचे काय, आज एक उद्या दुसरे, आपले जुने तेच खरे.’ एवढे बोलून दोघेही आपापल्या कामाला लागतात आणि मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. तो असा की, एखादा समज पडला म्हणजे नेमके काय पडले? त्या समजाच्या आधाराने पिढ्यान्पिढ्या जे काम होत आले, तेही त्याच्याबरोबर पडले काय?

मी शास्त्रज्ञ नव्हे. दरबारी गवयाचा मुलगा आणि पोटापाण्यासाठी गाणे शिकवणारा मास्तर. वडिलांनी संस्थानाच्या अखेरच्या काळात दरबारात हजेरी दिली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार काही माझ्या दृष्टीस पडला नाही, पण दरबारी विद्येला चिकटून येणारे पुष्कळसे समज मात्र वारशाने मिळाले. गायनाच्या परीक्षांच्या निमित्ताने बिदर-कलबुर्गीकडच्या सीमाभागात माझे वरचेवर जाणे होते. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद ही गावे १९५६ साली म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. तरी तिथल्या कितीतरी घरांत मराठी अद्याप सुखाने नांदते आहे. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरी माणिकप्रभूंच्या गादीपुढे हजेरी लावणे गवयांना आजही भूषणावह वाटते. या मुलखात हिंडताना वरील प्रश्नाची जी उदाहरणे पाहिली-ऐकली ती वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू. त्यांतली एक-दोन परक्यांच्या अंगणातली आहेत. शेवटचे मात्र माझ्याच घरातले आहे आणि तेच अधिक अवघड आहे.

मातीची कीर्ती

बिदरी काम ठाऊक नाही असा जुन्या वस्तूंचा शौकीन विरळा. काळ्याभोर सुरईवर किंवा पानदानावर चांदीची वेलबुट्टी अशी उमटलेली असते की अमावास्येच्या रात्री जाई फुलावी. पण ही वस्तू घडते कशी ते फार थोड्यांनी पाहिलेले असते. जस्तात थोडे तांबे मिसळून तो रस वाळूच्या साच्यात ओततात. निघालेली वस्तू कानशीने घासून साफ करतात आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात, म्हणजे वर काढलेली रेघ नजरेला नीट दिसावी. मग छिन्नीने नक्षी खोदायची, खोदलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि पुन्हा घासायचे. या टप्प्यावर वस्तू अगदी निस्तेज दिसते. चांदी कुठली आणि जस्त कुठले हेही कळू नये. नंतर येते ती माती. बिदरच्या किल्ल्यातील, ऊन-पावसापासून आडोशाला राहिलेल्या जुन्या जागेची माती नवसागराबरोबर पाण्यात कालवतात आणि तापवलेल्या वस्तूवर तिचा लेप देतात. बघता बघता जस्त काळेकुट्ट पडते, चांदी मात्र जशीच्या तशी पांढरी. वरून तेलाचा हात फिरवला की वस्तू तयार.

ही किमया पाहिल्यावर सगळे श्रेय मातीला जावे यात नवल नाही. ‘अशी माती पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे नाही, म्हणून बिदरीही दुसरीकडे होणार नाही,’ हे वाक्य बिदरच्या दुकानांतून पिढ्यान्पिढ्या ऐकू येत आले. कारागीर ही माती पारखतो तीही जिभेने. चिमूटभर तोंडात घालून ती चालेल की नाही ते सांगतो. पाहणाऱ्याची श्रद्धा बसते ती इथेच.

१९८७ साली लंडनच्या संग्रहालयांतील सुझन ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन या दोघा संशोधकांनी बिदरीच्या जुन्या वस्तूंची धातुपरीक्षा करून आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वस्तू बव्हंशी जस्ताच्या, त्यांत तांबे साधारण शेकडा २ ते १० या प्रमाणात, शिवाय शिसे आणि कथील यांचा कमी-अधिक अंश. काळा रंग कशाने चढतो हे पाहण्यासाठी त्यांनी प्रयोग केले तेव्हा निर्णायक ठरले ते जस्तातले हे मूठभर तांबे. मातीतल्या क्षारांचे आणि नवसागराचे काम आहेच. पण धातूत तांबेच नसेल तर नुसती माती तो काळा रंग देऊ शकत नाही. खरे म्हणजे लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबाद या दूरच्या ठिकाणीही एके काळी बिदरी वस्तू घडत होत्या. तिकडे बिदरच्या किल्ल्यातली माती कुठली? पण कीर्तीपुढे असे प्रश्न विचारायचे कुणाला सुचत नाही. हीच गोष्ट या कलेच्या जन्मकथेची. बहमनी सुलतानांच्या काळात इराणकडून आलेल्या कारागिराने ती बिदरला आणली असे सांगतात. मात्र अभ्यासकांच्या हाती असलेले जुन्यांत जुने खात्रीचे नमुने बहमनी काळापर्यंत मागे पोचत नाहीत.

बिदरमध्ये एका वयस्क कारागिरापाशी मी ही हकीकत काढली. त्याला वाईट वाटेल, कदाचित रागही येईल, या भीतीने जरा चाचरतच काढली. म्हाताऱ्याने छिन्नी खाली ठेवली, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “त्यांच्या वस्तूंत तांबे किती निघाले म्हणता?” मी आकडा सांगितला. तो म्हणाला, “आम्ही सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे घालतो. बापाने तेच घातले, आजाने तेच.” एवढे बोलून तो पुन्हा कामाला लागला.

परतताना मोटारीत मी हिशेब केला. सोळाला एक म्हणजे सतरा भागांत एक. शेकडा सहाच्या आतबाहेर. लंडनच्या आकड्यांच्या अगदी मधोमध. म्हणजे कारागिराच्या मुशीत तांबे बरोबर त्याच प्रमाणात पडत होते, ते कधीच चुकले नव्हते. चुकले होते ते फक्त तोंडाने सांगायचे कारण. काम तांब्याचे आणि मातीचे मिळून होते. नाव मात्र एकट्या मातीचे झाले होते. आणि जिभेची ती परीक्षा? तीही वेडगळ नव्हे. मातीत क्षार किती उतरला आहे हे रसायनशाळा जवळ नसलेल्या माणसाने पारखायचे तरी कशाने?

या हस्तकलेला २००६ साली भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले आणि २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. मातीचे गूढ उकलल्यामुळे यातले काहीही उणावत नाही. संशोधनाने कारण दुरुस्त केले, कारागिरी जागची हलली नाही, हा या गोष्टीचा पहिला धडा.

विद्वानांचेही समज

पण समज म्हणजे केवळ अडाण्यांचे, असे कुणी समजू नये. बिदरहून खाली कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती आहे. तिथली चंद्रला परमेश्वरी महाराष्ट्रातील पुष्कळ घराण्यांची कुलस्वामिनी, म्हणून आपल्यापैकी अनेकांच्या घरातली माणसे तिथे ओटी भरून आलेली असतील. १९८६ साली या देवळाच्या आवारातील कालीच्या मंदिराचे छत कोसळले. पुढे दुरुस्तीच्या कामात मूर्तीच्या बैठकीची शिळा मोकळी झाली, तेव्हा तिच्यावर अक्षरे दिसली. १९८९ साली उलगडा झाला की, ही अक्षरे सम्राट अशोकाच्या शासनांची आहेत.

आता यात विद्वानांचा समज कोणता पडला ते पाहा. अशोकाची दोन शासने अशी होती की ती तोवर ओडिशातील धौली आणि जौगड या दोनच ठिकाणी सापडली होती. दोन्ही जागा कलिंगातल्या. तेव्हा, ज्या प्रजेला युद्धात तुडवले त्या प्रजेची समजूत घालण्यासाठी राजाने ही दोन शासने खास कलिंगापुरती काढली, असा तर्क रूढ झाला आणि पुस्तकापुस्तकांतून सिद्धान्ताच्या थाटात वावरू लागला. तर्क सुंदर होता. पण कलिंगापासून शेकडो कोसांवर, भीमेच्या काठी, देवीच्या पायाखालून तीच दोन शासने निघाली आणि ‘कलिंगापुरती’ हा शब्द मागे घ्यावा लागला. त्याच परिसरातील कनगनहळ्ळीच्या स्तूपाचे उत्खनन १९९० च्या दशकात झाले. तिथे राजा-राणीचे शिल्प मिळाले आणि शिल्पावर ब्राह्मीत ‘राजा अशोक’ अशा अर्थाचा लेख. अशोकाची नावानिशी कोरलेली प्रतिमा उपलब्ध नाही, असे तोवर म्हटले जात होते. तेही वाक्य त्या दिवशी जुने झाले.

आणखी एक उदाहरण ओझरते सांगतो. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यात, आता यादगीर जिल्ह्यात गेलेल्या हुणसगीच्या खोऱ्यात इसामपूर नावाचे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी या खोऱ्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. आदिमानवाने दगडी हातकुऱ्हाडी जिथे घडवल्या ती खाणच इसामपूरला मिळाली. पूर्वीच्या कालमापनांवरून या खोऱ्यातील अशा हत्यारांचे वय साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे आहे इतकेच म्हणता येत होते. इसामपूरच्या जनावराच्या दातांवरून काढलेले आणि २००२ साली प्रसिद्ध झालेले वय भरले सुमारे बारा लाख वर्षे! दगड तेच, जागा तीच. आकडा मात्र तिपटीच्या वर गेला.

सन्नतीच्या शिळेविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर परंपरेचे कौतुक एकतर्फी होईल. देवीच्या बैठकीखाली राहिल्यामुळे ती शिळा वाचली हे खरे. पण मूर्ती बसवण्यासाठी तिच्या मधोमध भोक पाडले गेले आणि तिथली अक्षरे कायमची नाहीशी झाली, हेही तितकेच खरे. परंपरा सांभाळते तशी नकळत पुसूनही टाकते. जे उरले ते वाचायला डोळस माणूस वेळेवर यावा लागतो.

शाईपुढे हरलेले शास्त्र

आता घरच्या विद्येकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने नादाचे शास्त्र बांधले. १८६३ चा त्याचा ग्रंथ आजही मानाचा आहे. तारेतून किंवा बासरीतून निघणारा नाद गोड का? तर मूळ स्वराबरोबर उमटणारे उपस्वर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ पटीत असतात म्हणून. ताणलेल्या गोल कातड्याचे तसे नसते. तिथे उपस्वरांचे प्रमाण पडते १.५९, २.१४, २.३० असे आडवेतिडवे. म्हणून ढोल-नगारे तालापुरते ठीक, स्वराच्या पंगतीत त्यांना पान नाही, असे युरोपातील शास्त्राने ठरवून टाकले. गणित चोख होते. चुकले ते एवढेच की, ‘सगळी चर्मवाद्ये सारखी’ असे त्याने धरून चालले.

आपल्याकडे तबला-मृदंग करणाऱ्या कारागिराने ते गणित ऐकलेले नव्हते. तो पुडीच्या मध्यावर शाईचे थर देत होता. एक थर लावायचा, दगडाने घोटायचा, थाप मारून ऐकायचे, पुन्हा थर. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपले सहकारी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या विलायती नियतकालिकात दाखवून दिले की, या शाईच्या वजनामुळे मृदंग-तबल्याचे उपस्वर सरळ पटीत येतात, अगदी तारेसारखे. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी कातड्यावर रेती पसरून कंपनांच्या आकृत्या काढल्या आणि सिद्ध केले की, पुडीची नऊ वेगवेगळी कंपने पाच स्वरांत गोळा होऊन एका मेळात बसतात. १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना त्यांनी आणखी एक नियम हलवला. तार जिथे छेडावी तिथेच ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यात तोही उमटतो. कारण घोडीचा माथा सपाट-गोलसर असतो आणि तार त्यावर अलगद टेकत-सुटत राहते. त्यातच दोरा घालून जवारी काढली की तंबोरा बोलू लागतो.

इथे बिदरच्या उलट घडले. तिथे परंपरेने सांगितलेले कारण शास्त्राने दुरुस्त केले. इथे शास्त्राने आखलेली कक्षा कारागिराने केव्हाच ओलांडलेली होती, ती शास्त्राला रुंद करावी लागली. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. हाताला आणि कानाला जे कळले होते ते टिकले. रामन यांचे मोठेपण असे की, ते कारागिराची पाठ थोपटून थांबले नाहीत. शाई काय करते हे त्यांनी मोजून दाखवले, आणि म्हणूनच ते जगाने मान्य केले.

बावीस नावे आणि एक मुलगी

माझ्या घरात कायम अडते ते श्रुतींपाशी. सप्तकात बावीस श्रुती, हे संगीताच्या विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकवले जाते. तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती अशी बावीस नावे पाठ करायची आणि परीक्षेत धडाधड म्हणून दाखवायची. सीमाभागातील एका केंद्रावर परीक्षा देताना एका चुणचुणीत मुलीने ती एका दमात म्हटली आणि मग मलाच विचारले, “गुरुजी, आता ही बावीस गाऊन दाखवाल का?” बाजूचे शिक्षक ओशाळले. मला मात्र ती मुलगी भरतमुनींच्या जवळची वाटली.

कारण भरतमुनींनी नाट्यशास्त्रात श्रुती समजावली ती प्रयोगाने. सारख्या जुळवलेल्या दोन वीणा घ्यायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरीचे स्वर टप्प्याटप्प्याने उतरवत जायचे आणि कोणता स्वर कोणत्या स्वराशी केव्हा मिळतो ते कानाने पाहायचे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ती बावीस नावे ओळीने मांडलेली आहेत. प्रयोग वीणांचा होता, त्या काळच्या ग्राम-मूर्च्छनांचा होता. ती पद्धत मागे पडली. नावे तेवढी आपण आजच्या ख्यालाला जोडून घेतली.

आजच्या गळ्यात त्या बावीस जागा शोधण्याचा मोठा उद्योग मराठी माणसानेच केला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याच्या मदतीने मोजमापे घेऊन १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले. त्यापाठोपाठ श्रुतींची पेटी आली, इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्या मताचा प्रचार केला आणि पंडित भातखंडे यांनी त्यास विरोध केला. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या विषयावर पुष्कळ खल झाला. वाद करणारे सगळेच थोर होते. पण गाणे चालू असताना प्रत्येक स्वर बारकाईने टिपील असे यंत्र तेव्हा कुणापाशीच नव्हते.

ते पुढे आले. १९६३ साली नझीर जयराजभाय आणि स्टोन यांनी नामवंत कलावंतांच्या वादनातील स्वर यंत्रावर मोजले. १९८२ साली मार्क लेव्ही यांनी आणखी नमुने घेऊन तेच काम पुढे नेले. दोघांच्या मोजणीतून निघाले ते असे की, एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात. इतकेच नव्हे, तर एकच कलावंत एकाच बैठकीत तो कमी-जास्त करतो. ठरावीक बावीस खुंट्या आणि त्यांवर टांगलेले स्वर, असे चित्र कुठेच दिसले नाही.

हे सांगितले की आमच्या क्षेत्रातील जाणती माणसे दुखावतात. त्यांची भीती मी समजू शकतो. बावीस गेले तर उद्या कुणी म्हणेल, सूक्ष्म स्वर हीही दंतकथाच. मग पेटीच्या बारा पट्ट्यांवर सगळे गाणे बसवायला मोकळीक! हल्ली मोबाइलवर स्वर दाखवणारी यंत्रे मुलांच्या हाती आली आहेत. काटा मधोमध आला की मुलाला वाटते, स्वर लागला. तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. पण मोजणारांनी सूक्ष्म स्वर नाहीत असे म्हटलेलेच नाही. उलट, गाणारा बारा पट्ट्यांत मावत नाही, बावीस खुंट्यांतही मावत नाही, असे त्यांच्या आकड्यांवरून दिसते. भैरवाचा रिषभ आंदोलतो, तोडीचा रिषभ खाली दबून राहतो, दरबारीचा गंधार झुलत झुलत येतो. या स्वरांना एक टिंब देऊन चालत नाही. त्यांची ये-जा हाच त्यांचा मुक्काम. माझ्या वडिलांना कुणी ‘दरबारीचा गंधार कोणत्या श्रुतीवर?’ असे विचारले की ते उत्तर देत नसत. पुन्हा गात असत. लहानपणी मला तो टाळाटाळीचा प्रकार वाटे. मोजणीचे कागद वाचल्यावर कळले की, त्याहून नेमके उत्तर देताही आले नसते.

कानाला गोड ते कशाने?

आमचा बावीसचा समज डळमळला म्हणून पाश्चात्त्यांनी खूश होण्याचे कारण नाही. त्यांचाही एक समज पायथागोरसाच्या काळापासून पक्का होता: दोन स्वरांचे प्रमाण साध्या पूर्णांकांत असले की ते मिळून गोड लागतात आणि ही आवड माणसाला जन्मतःच असते. २०१६ साली मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियाच्या जंगलातील त्सिमाने लोकांवर प्रयोग केले. पाश्चात्त्य संगीताशी या लोकांचा संबंध नाममात्र. त्यांना संवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवले तर दोन्ही सारखेच चांगले वाटले! म्हणजे आवडीत सवयीचा आणि संस्कारांचा वाटा धरला जात होता त्याहून कितीतरी मोठा. २०२४ साली दुसरी एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भाग घेणारे चार हजारांवर लोक. पुष्कळदा त्यांना तंतोतंत पूर्णांकी प्रमाणापेक्षा किंचित ढळलेले स्वर अधिक आवडले. शिवाय जावा बेटातील बोनांग या वाद्यासारखा नाद वापरला तेव्हा आवडीच्या जागाच सरकल्या आणि तिकडच्या सप्तकाशी जुळू लागल्या. गोडी नुसत्या आकड्यांत नसून नादाच्या पोतातही आहे, असा याचा अर्थ. तंबोऱ्याची जवारी बदलली की तोच षड्ज वेगळा का लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात फारसे आश्चर्य वाटणार नाही.

ही संशोधनेही शेवटचा शब्द नव्हेत. त्यांवर वाद चालू आहेत, पुढेही चालतील. पण वाद करणारे आपला प्रयोग, आपले आकडे आणि आपली पद्धत चव्हाट्यावर मांडून वाद करतात, म्हणून त्यांना दुरुस्त करता येते. नुसत्या कीर्तीवर चालणाऱ्या समजाला दुरुस्त करायचे तर हात घालायला जागाच नसते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. समज पडला म्हणजे काय पडले? माझे मत असे: प्रत्येक विद्येत दोन गोष्टी एकत्र चालत आलेल्या असतात, एक करण्याची आणि एक सांगण्याची. करण्यातली चूक लगेच उघडी पडते. तांबे कमी पडले तर सुरई काळी होत नाही, शाईचा थर चुकला तर तबला बोलत नाही, स्वर ढळला तर मैफल उठते. म्हणून करणे पिढीगणिक घासून शुद्ध होत जाते. सांगण्याला अशी शिक्षा नसते. कारण चुकले तरी वस्तू विकली जाते, गाणे रंगते. म्हणून सांगणे शतकानुशतके तसेच राहू शकते. संशोधनाचा घाव बहुधा या सांगण्यावर पडतो. तो परंपरेवरचा वार समजून आपण अंगावर घेतो आणि विनाकारण रक्तबंबाळ होतो. उलट, सांगणे खोटे ठरले म्हणून करणेही टाकून देणारा माणूस सोळाला एक हे प्रमाणही मातीबरोबर फेकून देतो. पहिल्याने हट्ट केला, दुसऱ्याने नुकसान केले.

हे काम घाईचे आहे, असेही मला वाटते. बिदरीचे जाणते हात आता थोडे उरले आहेत. तबल्याची पुडी नीट बांधणारा, तंबोऱ्याची जवारी काढणारा माणूस गावोगाव शोधावा लागतो. या लोकांच्या हाताला काय कळते ते मोजून, लिहून ठेवणारी प्रयोगशाळा लंडनला असावी आणि आपल्या विद्यापीठांनी आपल्या दारातल्या कारागिराकडे फक्त सत्कारापुरते पाहावे, हे बरे नव्हे. कारागिराने मातीचे गूढ मिरवत बसण्यापेक्षा आपली मूस शास्त्रज्ञापुढे उघडावी. शास्त्रज्ञानेही त्याला अडाणी न समजता त्याच्यापुढे मांडी घालून बसावे. त्या बिदरच्या म्हाताऱ्याने विचारलेला प्रश्न मला तरी कोणत्याही विद्यालयात शोभला असता.

त्या परीक्षेतल्या मुलीला मी काय सांगितले, असे वाचक विचारतील. तिला म्हटले, “बावीस गाऊन दाखवता येत नाहीत, बाळ, पण एक गंधार दाखवतो.” तंबोरा जुळवून घेतला. आधी यमनाचा गंधार लावला. मग दरबारीचा कोमल गंधार घेतला, तो कुठून निघतो आणि कुठे जाऊन विसावतो ते तिला तिच्याच गळ्याने शोधायला लावले. तेवढ्यात पाऊण तास गेला आणि पुढचे विद्यार्थी ताटकळले. बावीस नावे तिने पाठ केली होती त्याचे गुण तिला मिळालेच. ती नावे आपल्या इतिहासाची आहेत, ती यायलाच हवीत. पण तेव्हापासून माझ्या वर्गात श्रुतींचा धडा मी भरतमुनींच्या दोन वीणांपासून सुरू करतो आणि यंत्रावरच्या मोजणीपाशी आणतो. नावे त्यानंतर.